बरं वाटलं की उठेन, म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या मराठवाड्यात रब्बीत गव्हाला पाणी द्यायचं तर लाईट आपल्या सोयीनं येत नाही. बऱ्याच फीडरवर, म्हणजे गावाकडच्या वीजवाहिन्यांवर, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असं मोटारीला लागणाऱ्या थ्री-फेज विजेचं चक्र असतं. रात्रीच्या आठवड्यात माणूस डोक्याला मफलर बांधून, हातात बॅटरी घेऊन चिखलात दारं धरत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत, उभा असतो. पहाटे येऊन आडवा होतो, तोवर जनावरांची आणि दुधाची वेळ होते. चार रात्री अशा गेल्या की त्याची चिडचिड वाढते, पोरावर हात उगारला जातो, देणेकऱ्याचा फोन वाजला की छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, "लई टेन्शन घ्यायलेत." टेन्शन आहेच. पण त्याच्या आधी झोप गेली आहे आणि तिचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मानसिक आरोग्याबद्दल सांगताना बहुतेक जण मनापासून सुरुवात करतात. मला झोपेपासून केलेली बरी वाटते, कारण तिथं काहीतरी हाताला लागतं.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, शरीराचं घड्याळ असतं. ते उजेडावर चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की दिवस सुरू झाल्याची नोंद होते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. दर आठवड्याला पाळी बदलली की या घड्याळाचा घोळ होतो. झोप अपुरी पडली की राग आणि भीती पेटवणारा मेंदूचा भाग जास्त उसळतो, आणि त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. म्हणून जागरणाच्या दुसऱ्या दिवशी तेच देणं दुप्पट वाटतं.

शहरातले सल्ले इथं फारसे चालत नाहीत. "रोज दहाला झोपा" हे दारं धरणाऱ्याला सांगून काय उपयोग? त्याच्या कामाचं एवढंच: परत आल्यावर तुकड्यातुकड्यानं पडण्यापेक्षा सलग चार-पाच तास मिळतील अशी व्यवस्था घरानं करायची. खिडकीला चादर, मोबाईल दुसऱ्या खोलीत, सकाळचं दूध दुसऱ्या कुणीतरी काढायचं. चहा प्यायचा तो पहिल्या निम्म्या रात्रीत, कारण चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मंअर्धं अंगात असतं. आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी वाटणीचा, कर्जाचा, पोरीच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. तो दोन दिवसांनी काढला तरी चालतो. सौर पंप बसला की दिवसा पाणी देता येतं. लोक त्या योजनेकडं वीजबिलाच्या हिशेबानं बघतात, मी तिला झोपेची योजना समजतो. दारू घेतली की झोप लागते असं सांगणारे पुष्कळ भेटतील. लागते खरी, पण पुढच्या निम्म्या रात्री ती मोडमोड करून सोडते.

आता त्या टेन्शनकडं येऊ. समोर साप दिसला की शरीर क्षणात तयारी करतं: ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, पचन मंदावतं, कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रक्तात येतं. साप गेला की सगळं खाली बसतं. ही व्यवस्था उत्तम आहे, पण ती घटकाभराच्या संकटासाठी बनलेली आहे. सोसायटीचं कर्ज घटकाभराचं नसतं. पाऊस लांबणं, सोयाबीनला भाव न मिळणं, ऐन काढणीत अतिवृष्टी होणं, ही संकटं महिनोन्महिने टिकतात आणि शरीर तेवढे महिने तयारीतच राहतं. विहिरीतलं पाणी संपल्यावरही मोटार चालूच ठेवली तर जे होतं, ते हळूहळू होत जातं. डोकं जड होणं, पाठ धरणं, पोटात गॅस, हातापायांना मुंग्या, अंगात कणकण. आपल्याकडं माणूस "मन उदास आहे" म्हणून दवाखान्यात जात नाही, तो "अंग दुखतंय" म्हणून जातो, सलाईन लावून घेतो आणि दोन दिवस बरं वाटून पुन्हा तिथंच येतो.

एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसे मिळाल्यावर अशा दोनदा बुद्धीच्या चाचण्या दिल्या. माणसं तीच. पण पैशाची ओढाताण असताना त्यांचे गुण ठळकपणे कमी आले. 2013 साली हे प्रसिद्ध झालं. याचा साधा अर्थ असा की चणचण ही डोक्यातली जागा खाते. "कर्ज झाल्यापासून ह्याची अक्कलच गेली" असं भावकीत म्हटलं जातं, ते उलटं आहे. अक्कल जागेवर आहे, पण ती दिवसभर एकाच आकड्याभोवती फिरायला लागली आहे.

तो आकडा डोक्यातून कागदावर उतरवायचा. वहीच्या एका पानावर कुणाचं, किती, व्याज काय, कोण थांबू शकतं आणि कोण थांबणार नाही. हे एकट्यानं करायचं नाही आणि रात्री तर मुळीच नाही. हिशेब पक्का असलेला एक माणूस, मग तो मेहुणा असो, बँकेत काम करणारा मित्र असो की बचत गटाची सचिव असलेली बायको असो, त्याला शेजारी बसवून दिवसाउजेडी करायचं. काळजीला रोजची ठरावीक अर्ध्या तासाची वेळ देणं हीसुद्धा मानसोपचारातली जुनी, तपासलेली रीत आहे. रात्री दोनला तोच विचार आला तर मनाला सांगायचं, उद्या पाचला वही घेऊन बसायचंच आहे. पहिले काही दिवस मन ऐकत नाही. पुढं ऐकायला लागतं.

यानं कर्ज फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. भाव पडले त्याला प्राणायाम हे उत्तर नव्हे, आणि तसं सांगत फिरणाऱ्यांची मला चीड येते. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा लोकांच्या मनाला उपदेशाआधी पाणी हवं होतं. पण संकट अंगावर असताना निर्णय घेणारं डोकं शाबूत राहावं, एवढं तरी सवयींनी साधतं.

आता मुख्य गोष्ट. खचलेल्या माणसाला उठवायला गेलं की तो म्हणतो, "थोडं बरं वाटू द्या, मग उठतो." हे ऐकायला रास्त वाटतं. पण उदासीचं गणित उलटं चालतं: आधी उठावं लागतं, बरं मागून वाटतं.

एक माणूस डोळ्यासमोर आणा. बीडकडचं कुठलंही गाव धरा. सोयाबीन गेलं, दुकानदाराची खत-बियाण्याची उधारी राहिली. तो दुकानदार रोज सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चहाला येतो. आपला माणूस त्या हॉटेलात जायचं टाळतो. पहिल्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, आणि खरी मेख तिथंच आहे. टाळल्यामुळं जे हलकं वाटतं, ते मनाला बक्षिसासारखं लागतं. मग तो फाट्यावर जायचंच सोडतो. फाट्यावर गेलं नाही की पेपर वाचून होत नाही, बाजारभाव कळत नाही, दोन शिव्या देऊन हसवणारा मित्र भेटत नाही. भजनाला जात नाही, कारण तिथं कुणीतरी विचारेल. दाढी वाढते. दुपारी झोपतो, म्हणून रात्री झोप येत नाही. दोन महिन्यांत त्याचं जग घर आणि गोठा एवढं उरतं. त्या एवढ्याशा जगात आनंद देणारं काही घडत नाही, आणि घडत नाही म्हणून उठावंसं वाटत नाही.

हा फास सोडवायची जी पद्धत आहे, तिच्यात बालपण उकरणं, स्वप्नांचा अर्थ लावणं असलं काही नसतं. पूर्वी बरं वाटायचं किंवा पार पडल्याचं समाधान मिळायचं अशी कामं आठवायची, त्यातलं सगळ्यात लहान निवडायचं, त्याला वार आणि वेळ द्यायची, आणि मनःस्थिती कशीही असली तरी ते करायचं. केल्यावर कसं वाटलं ते बघायचं. वर सांगितलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दुकानदारापुढं नेऊन उभं करायचं नसतं. सोमवारी फक्त दाढी. मंगळवारी संध्याकाळी, दुकानदार नसतो त्या वेळी, फाट्यावर एक चहा आणि लगेच परत. गुरुवारी मित्राच्या रानात अर्धा तास. पुढच्या आठवड्यात मित्राला सोबत घेऊन दुकानदाराकडं, एकच वाक्य घेऊन: "दादा, विसरलो नाही, दिवाळीपर्यंत थांबा." बऱ्याचदा समोरचा म्हणतो, "अरे, मी कधी मागितले?" कधी म्हणत नाही. ते झेलायला मित्र सोबत असतो.

हे काम डॉक्टरच करू शकतात असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचा उपचार तपासला गेला. तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीव्र उदासी असलेल्यांना त्याचा फायदा झाल्याचं 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांचंही असंच होतं, फक्त हॉटेलाच्या जागी मेस असते. चाचणीत गुण कमी आले की पोरगं मेसला सगळे जेवून गेल्यावर जातं, मग डबा खोलीवर मागवतं, मग आईचा फोन उचलत नाही. आईनं "किती मार्क?" ऐवजी "आज कुणाबरोबर जेवलास?" विचारलं तर जास्त कळेल. रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्या, पोराला तर हेच आधी विचारा.

अंगमेहनतीबद्दल एक खुलासा. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालणं किंवा तसाच मध्यम व्यायाम मनालाही चांगला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुकानात, ऑफिसात, अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ते लागू आहे. पहाटे अंधारात उसाच्या फडात शिरून कोयता चालवणाऱ्या बाईला व्यायाम सांगायला जाऊ नये. तिला आराम, पुरेसं जेवण आणि अंघोळीला आडोसा हवा आहे.

बोलण्याचं काय? नाव न दिलेली भावना जास्त छळते, नाव दिलं की ती थोडी निवते. मेंदूचे फोटो घेऊन हे दाखवलं गेलंय, पण आपल्याकडच्या बायांना ते आधीच माहीत होतं. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळता-कांडता देवाशी जे बोलणं केलं, त्यात लाड आहेत तशा तक्रारीही आहेत. जात्यावर बसलेली सासुरवाशीण जे सासूपुढं बोलू शकत नव्हती, ते ओवीत बोलत होती. त्या बाया सुखी होत्या असं मी म्हणत नाही. त्यांना दुःख सांगायची एक ठरलेली जागा आणि वेळ होती. गिरणी आली, पाठीचं कष्ट गेलं, हे चांगलंच झालं. पण ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी रुंद रस्त्यांची, लांब लांब घरांची वसली. भिंतीला भिंत असलेला शेजार मोडल्याची खंत तिथले जुने लोक सांगतात. घरं मजबूत हवीच होती, पण ओसरीवरून ओसरीवर बोलणं नकाशात कुणी काढलं नव्हतं.

ती जागा आज बऱ्याच बायांना बचत गटाच्या बैठकीत मिळते. हप्ता भरून झाला की खरी बैठक सुरू होते. पुरुषांना तसं काही उरलं असेल तर ते भजनी मंडळ आणि सप्ताह. टाळ धरून चार जणांच्या सुरात सूर मिसळताना श्वास लांबतो, ठोके संथ होतात आणि तासभर कुणी "उधारीचं काय झालं?" विचारत नाही. भक्ती असो नसो, एवढा फायदा नक्की मिळतो.

कुणी आपल्याशी बोलायला लागलं तर काय करायचं हेही शिकावं लागतं. आपली पहिली उडी सल्ल्यावर असते. "काही होत नाही रे, आमच्यावर काय कमी आलं का?" हे वाक्य प्रेमानंच येतं, पण समोरच्याचं तोंड तिथंच बंद होतं. त्यापेक्षा शेजारी बसा, मोबाईल खिशात घाला, "मग काय झालं?" एवढंच विचारा आणि त्यानं सांगितलेलं तुमच्या शब्दांत परत म्हणून बघा: "म्हणजे भावानं पण साथ दिली नाही म्हणता." बरोबर असेल तर तो पुढं बोलतो, चूक असेल तर दुरुस्त करतो. फार खचलेला दिसला तर सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? जीवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेली गोष्ट शिरते, ही भीती खोटी आहे, अभ्यासांनी ती खोडून काढली आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवायची, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हातघाईची वेळ असेल तर 108 ला फोन.

या सोबतीच्या कामाला कामच समजलं जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उदासी आणि दारूबद्दल बोलायला सुरुवात केली. उदासी असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार-पाच होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. आपल्याकडं 2015 च्या सुमारास राज्य सरकारनं शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात घरोघर विचारपूस करायची ती आशाताईंनीच. लसीकरण, बाळंतपणं, नाना सर्वेक्षणं सांभाळून. खचलेल्या घराच्या ओट्यावर तासभर बसणं कुठल्या रकान्यात भरायचं? आणि चार घरचं दुःख ऐकून घरी गेलेल्या आशाताईचं कोण ऐकणार?

ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास जोडपी गेली की बीडच्या कितीतरी वाड्यांवर म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. त्या चार-पाच महिन्यांत म्हातारीच्या घरी रोज एकदा डोकावणारं कुणी आहे का, पोरगं शाळेत जातंय का, हे बघणं मानसिक आरोग्याचंच काम आहे. त्याला पदवी लागत नाही. ठरवून कुणाच्या तरी नावावर ते टाकावं लागतं, नाहीतर सगळ्यांना वाटतं दुसरं कुणी बघत असेल.

सवयी आणि सोबत कुठं पुरत नाहीत, हे ओळखायची मोजपट्टी साधी आहे. दोन आठवडे, जवळजवळ रोज, उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, लक्ष यांत बिघाड, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. असं असेल तर वाट बघायची नाही. कानात आवाज येणं, भलताच संशय, दिवसेंदिवस न झोपता उत्साहात असणं, यासाठी दोन आठवडेही थांबायचं नाही. देवऋषाकडं जायचं तर कुणी अडवत नाही, पण डॉक्टरांची गोळी त्याच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. उदासीवरच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नसतात, त्यांची सवय लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून सोडणारे आणि बरं वाटलं म्हणून सोडणारे, दोघंही पुन्हा त्याच दारात येतात.

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नव्हतं, म्हणून "वेड्याच्या दवाखान्यात लांब न्यावं लागेल" ही भीती घरात बसली आहे. बहुतेकांना तिकडं जावंच लागत नाही. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं हा उपचार मागणं हक्काचं केलं आहे. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगायचं नसेल तर तेही चालतं.

ओपीडीला सकाळी लवकर पोचा. सोबत घरातलं एक माणूस घ्या, पण पाच मिनिटं एकट्यानं बोलू द्या असं डॉक्टरांना सांगा. झोप किती, जेवण किती, दारू-तंबाखू किती आणि हे कधीपासून, एवढं कागदावर लिहून न्या, कारण खुर्चीत बसल्यावर आठवत नाही. आधी कुणी गोळ्या दिल्या असतील तर त्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामी असली तरी.